जखम भरून येते म्हणजे काय?

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प मी गुंफावे असे कार्यवाहांनी सुचविले आणि विषय विचारला, तेव्हा मी ‘जखम’ असे उत्तर दिले. मराठीचा प्राध्यापक जखमेवर बोलणार म्हणजे दुखावलेल्या मनाविषयी आणि कवितेविषयी बोलणार, असा त्यांचा स्वाभाविक समज झाला. मला सांगावे लागले की, मनाची नव्हे. विळीवर बोट कापते, चपलेने पाय सोलवटतो, त्या साध्या जखमेविषयी मला बोलायचे आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. परंतु एका घरगुती प्रसंगाने मला हा विषय वाचायला भाग पाडले, आणि त्या वाचनाची सुरुवात याच वाचनालयाच्या कपाटांतून झाली. तो प्रसंग मी ओघात सांगेन.

आरंभ शब्दांपासून करतो, कारण तेवढेच माझ्या अधिकारातले आहे. ‘जखम’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि असा रुळला की तो परका आहे याची आठवणही उरली नाही. संस्कृतात ‘व्रण’ आहे. त्याच शब्दाने प्राकृताच्या वाटेने येताना ‘वण’ असे रूप घेतले, आणि मराठीत त्याचा अर्थ जखम असा न राहता जखमेची मागे राहिलेली खूण असा झाला. ही अर्थाची वाटचाल योगायोगाची वाटत नाही. बुजल्यानंतरही ज्याची खूण देह असेपर्यंत पुसली जात नाही तो व्रण, अशा आशयाची व्याख्या सुश्रुतसंहितेत केलेली आहे. त्याच संहितेत व्रणाच्या चिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत. जखमेकडे इतक्या बारकाईने पाहणारी परंपरा आपल्या देशात होती, याची नोंद आधी करून मग आधुनिक शरीरशास्त्राकडे वळू.

कांदा चिरताना विळीवर बोट कापले, एवढाच प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पहिल्या काही क्षणांत तुटलेली रक्तवाहिनी स्वतःला आवळून घेते. रक्तातून वाहणाऱ्या रक्तबिंबिका, ज्यांना आपण आता सर्रास प्लेटलेट म्हणतो, त्या तुटलेल्या कडेला चिकटू लागतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्यांनी घातलेला बांध कच्चा असतो. तो पक्का करण्यासाठी रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनापासून फायब्रिन नावाचे तंतू तयार होतात, त्यांचे जाळे विणले जाते आणि त्यात रक्तपेशी अडकून गाठ बनते. हीच पुढे वाळून खपली होते. आपली आजी कापलेले बोट घट्ट दाबून धरायला सांगे, त्यामागचे कारण हेच. दहा मिनिटे न उघडता दाबून धरले तर हा बांध बसतो. थांबले का म्हणून दर क्षणाला उघडून पाहिले तर तो पुन्हा पुन्हा फुटतो.

रक्त थांबले म्हणजे जखम बरी होऊ लागली असे आपण समजतो. वास्तविक त्यानंतर प्रथम ती अधिक वाईट दिसू लागते. जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच एकत्र नोंदवून ठेवली आहेत. शेकडो वर्षे अनेक वैद्यांना ही लक्षणे म्हणजे निव्वळ बिघाड वाटत असे. ती शरीराची तजवीज कशी असते, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकात होऊ लागला.

त्याची हकिकत मोठी वाचनीय आहे. एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना गावी राहत होता. घरातील मंडळी सर्कस पाहायला गेली असता तो एकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक अळीत फिरणाऱ्या पेशी पाहताना त्याच्या मनात आले की, या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूशी सामना करीत असतील तर बोचलेल्या काट्याभोवती त्या जमल्या पाहिजेत. बागेतील गुलाबाचे काटे आणून त्याने ते अळीच्या अंगात खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! या शोधाबद्दल १९०८ साली त्याला पॉल एर्लिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या बोटातही तेच घडते. आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात म्हणून जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो म्हणून सूज येते. त्या वाटेने पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी काही तासांतच पोहोचते. जंतूंना गिळणे हे तिचे काम, आणि ते करताना ती स्वतःही मरते. पू म्हणजे बहुतांशी या मेलेल्या पेशी आणि जंतू. दोन-तीन दिवसांनी महाभक्षक पेशींची दुसरी तुकडी येते. ती उरलेला कचरा साफ करतेच, शिवाय आता बांधकाम सुरू करा असा रासायनिक निरोपही आजूबाजूच्या पेशींना देते. हा निरोप वेळेवर गेला नाही, तर जखम दाहाच्याच पायरीवर अडकून राहते. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

यानंतरचा टप्पा बांधकामाचा. तंतुजनक पेशी जखमेत शिरतात आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार करू लागतात. नव्या केशवाहिन्या कोंबांसारख्या फुटतात. जखमेच्या तळाशी जे लाल, ओलसर, दाणेदार मांस दिसते, ते या नव्या वाहिन्यांमुळे. घाबरून ते खरवडून काढू नये. ते जखम भरत असल्याचे शुभचिन्ह आहे. काही पेशी स्नायूंप्रमाणे आकुंचन पावून जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढतात, आणि कडेच्या त्वचापेशी या नव्या जमिनीवरून सरकत सरकत परस्परांना येऊन मिळतात.

नव्या रक्तवाहिन्या फुटतात या एका गोष्टीवर आपल्याकडील एका कारागिराने केवढे कौशल्य उभे केले होते, ते ऐकण्यासारखे आहे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तांत छापून आला. कावसजी या नावाने नोंदलेला एक मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळ, विटा घडविणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा साचा नाकाच्या जागी बेतून तो कपाळावर पसरायचा, त्या आकाराची कातडी सोडवायची, परंतु दोन डोळ्यांच्या मधला एक पट्टा न कापता तसाच ठेवायचा आणि कातडी वळवून नाकाच्या जागी बसवायची, अशी ती रीत. तो पट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापीत. तोपर्यंत कपाळाकडून येणाऱ्या रक्तावर ती कातडी जगे, आणि तेवढ्या अवधीत खालून नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरत. हा वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली त्या रीतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, असे मानणाऱ्या आपल्या भाषेत त्या कारागिराचे नाव मात्र राहिले नाही!

शेवटचा टप्पा सर्वांत लांबचा, आणि आपण तो मुळी विचारातच घेत नाही. वरून कातडी आली की आपण जखम विसरतो. आतमध्ये मात्र घाईने टाकलेले कोलॅजेनचे धागे काढून त्या जागी अधिक मजबूत धागे ओवण्याचे काम वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालू असते. एका आठवड्याच्या जखमेत मूळ त्वचेच्या जेमतेम तीन टक्के बळ असते, तीन आठवड्यांनी सुमारे वीस टक्के, आणि तीन महिन्यांच्या सुमारास ऐंशी टक्क्यांच्या घरात. त्यापुढे ते सहसा जात नाही. वणात घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात. शरीर मोडलेली वस्तू पूर्ववत करीत नाही. ती कामापुरती सांधते. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात झालेली जखम वण न ठेवता भरते. जन्मानंतर ती सोय आपल्याला उरत नाही.

आपण म्हणतो, ‘जुनी जखम उघडी पडली.’ हा केवळ वाक्प्रचार आहे, अशी माझी समजूत होती. जॉर्ज अ‍ॅन्सन या इंग्रज दर्यावर्दीच्या १७४० साली सुरू झालेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचा वृत्तांत वाचनात आला आणि ती समजूत गेली. त्या सफरीत स्कर्व्ही रोगाने खलाशांचा संहार मांडला होता. जहाजावर एक म्हातारा सैनिक होता. १६९० साली आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा लवकरच भरून आल्या होत्या, आणि पुढे पन्नास वर्षे त्यांनी त्रास दिला नव्हता. स्कर्व्ही जडताच त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या जखमा पुन्हा उघड्या पडल्या. याचे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. कोलॅजेन तयार होण्यास क जीवनसत्त्व लागते, आणि वणातील कोलॅजेन एकदा विणले की संपले असे नसते. ते सतत विरत असते आणि सतत नव्याने भरले जात असते. भरणा थांबला की वीण उसवते. जेम्स लिंड याने १७४७ साली बारा रुग्ण खलाशांवर निरनिराळे उपाय करून संत्र्या-लिंबांचा गुण दाखवून दिला. तात्पर्य असे की, आपल्या गुडघ्यावरचा लहानपणचा वण ही संपून गेलेली घटना नव्हे. शरीर तो वण आजही राखत आहे.

आता घरगुती समजुतींकडे वळतो. ‘जखम उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे’ हे वाक्य मी स्वतः कितीदा उच्चारले असेल! १९६२ साली जॉर्ज विंटर याने डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांचा अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. काही जखमा त्याने उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. खपली धरली की सरकणाऱ्या पेशींना तिच्या खालून, ओल शोधत वाट काढावी लागते. म्हणून जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी आणि स्वच्छ पट्टीने झाकावी, हा आजचा सर्वसाधारण सल्ला आहे. मातीशी संबंध आलेल्या जखमेत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. तेव्हा त्याच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

मग आपली हळद? तिच्याविषयी ग्रंथालयाच्या सभासदांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर, या ‘शोधा’चे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ही लढाई प्रयोगशाळेत जिंकली गेली नाही. जुने ग्रंथ आणि जुनी नियतकालिके पुरावा म्हणून पुढे ठेवून ती जिंकली. कुणीतरी, कुठेतरी ती पाने जपून ठेवली होती म्हणून हे शक्य झाले. मात्र डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तेव्हा खोल जखमेत ती भरू नये, एवढे सांगणे अवश्य आहे.

आता तो घरगुती प्रसंग. आमचे वडील, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणत, या वाचनालयाचे चाळीस वर्षे सभासद होते. गिरणीतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी चालत येऊन इथे दोन तास बसणे हा त्यांचा नेम होता. मधुमेहाला चौदा वर्षे झाली होती. २००८ सालच्या हिवाळ्यात नव्या चपलेने त्यांच्या अंगठ्याखाली फोड आला आणि फुटला. त्यांनी कुणाला सांगितले नाही. मला कळले तेव्हा आठवडा उलटला होता. मी पाहिले, तर खपली धरली होती. ‘दुखते का?’ असे विचारले. ‘अरे, मुळीच नाही,’ ते म्हणाले. दुखत नाही आणि खपली धरली आहे, म्हणजे बरे होत आहे, असा निर्वाळा मी, त्यांच्या सुशिक्षित मुलाने, दिला. त्यानंतर बारा दिवसांनी पायमोज्याला घाण वास येऊ लागला. खपलीखालून पू हाडापर्यंत पोहोचला होता. अंगठा काढावा लागला.

दुखत नव्हते, हीच धोक्याची खूण होती, हे मला फार उशिरा कळले. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी, प्राणवायू आणि औषध जखमेपर्यंत नीट पोहोचत नाहीत. पोहोचलेल्या पेशीही साखरेने भरलेल्या रक्तात नेटाने लढत नाहीत. जखम दाहाच्या पायरीवर अडकते ती अशी. वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांवर जे काम केले, त्यातूनही हेच सत्य पुढे आले होते. त्या रुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडतात, हा समज खरा नव्हता. वेदनाच नसल्यामुळे न कळत होणाऱ्या लहानसहान इजा आणि त्यांत होणारा जंतुसंसर्ग बोटे नेत होता. बधिरपणा गेला नाही तरी रोज हातपाय पाहण्याच्या सवयीने ती वाचवता येत होती. वेदना ही आपली रखवालदार आहे. ती गेली की पहारा आपल्याला स्वतः द्यावा लागतो.

आपल्या माळव्या-निमाडात असीरगडच्या वाटेवर अश्वत्थामा भेटतो आणि कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागतो, अशी लोककथा आहे. न भरणारी जखम हा आपल्या पूर्वजांना सर्वांत भयंकर शाप वाटला. हा शाप आज किती घरांत पायमोज्याच्या आत लपलेला असतो, याचा विचार केला म्हणजे मन अस्वस्थ होते.

अण्णांनी तो फोड का लपविला, हे मी पुढे त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘सांगितले असते तर तू वाचनालयात जाऊ दिले नसतेस.’ माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. तीन महिने ते पाय उशीवर ठेवून घरी बसून होते. तेव्हाच्या ग्रंथपालांनी उसवलेली पुस्तके घरी पाठवली, आणि अण्णांनी खळ, पुठ्ठा आणि दोरा घेऊन ती बांधून दिली. मी त्यांच्या शेजारी बसून, त्याच ग्रंथपालांनी पाठविलेली शरीरशास्त्राची पुस्तके वाचीत होतो. पुढे खास बनवून घेतलेल्या बुटात ते पुन्हा इथे येऊ लागले आणि २०१५ साली निधन होईपर्यंत येत राहिले. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून त्यांचे तळवे पाहण्याचे काम माझे होते. त्या सात वर्षांत दुसरे बोट गमवावे लागले नाही.

सभागृहात साठी ओलांडलेली मंडळी पुष्कळ आहेत, आणि मधुमेह असलेलेही असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. अनवाणी चालू नये. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा. कुरूप ब्लेडने घरी कापू नये. रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर मुलाला, सुनेला, नातवाला सांगावे, आणि त्यात संकोच मानू नये. पायाला फोड दिसला तर दुखण्याची वाट न पाहता दुसऱ्या दिवशीच्या आत डॉक्टरांना दाखवावा. मधुमेह नसलेल्यांनीही दोन-तीन आठवड्यांत भरत नसलेली जखम अंगावर काढू नये. आणि घरातील तरुणांना सांगणे असे की, म्हाताऱ्या माणसाने दुखणे सांगितले म्हणून त्याचे वाचनालय बंद करू नका. नाहीतर तो पुढचे दुखणे सांगणार नाही.

अण्णांनी बांधलेल्या पुस्तकांपैकी काही आजही इथल्या कपाटात आहेत. त्यांचे पुठ्ठे मूळ पुस्तकाशी जुळत नाहीत, शिवण जाड आहे, पण पाने सुटलेली नाहीत. आज घरी गेल्यावर पायमोजे काढाल, तेव्हा क्षणभर दिव्याखाली पाय धरून पाहा, एवढेच मागणे मागतो आणि माझे व्याख्यान संपवितो.